‘अलाऊ’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न : एका ॲपच्या सूचना मराठीत आणताना मी ‘हे सेटिंग तुम्हाला फोटोचा आकार बदलण्याची अनुमती देते’ असे लिहिले, तेव्हा तपासणाऱ्याने ‘अनुमती माणूस देतो, सेटिंग नव्हे’ असा शेरा मारून वाक्य परत पाठवले. कोशात ‘अलाऊ’चा अर्थ अनुमती देणे असाच असताना माझे चुकले कुठे?

प्रतिसाद : शेरा रास्त आहे. जो नाही म्हणू शकतो त्यानेच परवानगी द्यावी, आणि सेटिंगला तो अधिकार नसतो. इंग्रजी ‘अलाऊ’त मुभा आणि शक्यता दोन्ही मावतात, मराठीत शक्यतेसाठी ‘-ता येणे’ आहे, त्यामुळे ‘या सेटिंगमुळे फोटोचा आकार बदलता येतो’ एवढे पुरे. ॲप कॅमेरा मागते तेव्हाच्या बटणावर मात्र ‘परवानगी द्या’ हेच योग्य, कारण तिथे नाकारणारा माणूस समोर असतो.

प्रतिसाद : ‘कायदा मुभा देतो’ असे आपण बिनदिक्कत लिहितो, मग सेटिंगनेच काय पाप केले? शिवाय ‘अनुमती’ हा आपला शब्द असताना फारसी ‘परवानगी’ कशाला?

प्रतिसाद : ज्या ‘मुभा’चा आपण दाखला दिलात, तो शब्दही अरबीतून आलेला आहे. वडीलधारे अनुमती देतात आणि कचेरी परवानगी देते, हा फरक व्युत्पत्ती पाहून पुसता येत नाही.

प्रतिसाद : खरी गंमत इंग्रजी ‘लेट’ची (let, म्हणजे होऊ देणे) आहे. भारतीय पासपोर्टवरच्या विनंतीत ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ असे शब्द आहेत आणि तिथे ‘लेट’ म्हणजे चक्क अडथळा. जुन्या इंग्रजीतली ‘होऊ देणे’ आणि ‘अडवणे’ या अर्थांची दोन वेगळी क्रियापदे झिजून एकरूप झाली.

प्रतिसाद : आपले ‘देणे’ही काही कमी नाही. ‘त्याला येऊ दे’ म्हणजे अडवू नकोस, तर ‘तो येऊ दे, मग बघू’ यात कोणी कोणाला अडवतच नाही, नुसती वाट पाहणे आहे. म्हणूनच ‘पाऊस पडू दे’ म्हणतात, ‘पावसाला पडू दे’ नाही. ‘जाऊ दे’त तर बहुतेक वेळा कोणी कुठे जातच नाही.

प्रश्नकर्ता : ‘बदलता येतो’ असे दुरुस्त करून पाठवले होते. आता शेरा आला आहे : ‘मूळ वाक्यातले “तुम्हाला” कुठे गेले?’