७६चा सेंटर देऊन ४८चा पोरगा: ‘१० पैकी १०’ कुठल्या हिशेबाने?

तिसरा_क्वार्टर:
आपल्या कॉम्प्युटरवरच्या बास्केटबॉल लीगमध्ये (टीम आपल्या, सामने खेळवतं इंजिन म्हणजे प्रोग्राम) पाचवा_फाउल आणि कॅप_कारकून यांनी ट्रेड केला, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. त्यावर स्टॅट_शास्त्रींनी निकाल देऊन टाकला: “पाचवा_फाउल १० पैकी १०, कॅप_कारकून १० पैकी ३. वय विकलं, भविष्य घेतलं. चर्चेसारखं काही नाही.”

चर्चेसारखं काही नाही म्हणे! मग घ्या.

पाचवा_फाउलने दिला ७६चा सेंटर (७६ हे इंजिनने दिलेले गुण), वय २९, करार अजून ३ मोसम. घेतलं काय? १९ वर्षांचा ४८/७७ गार्ड (आज ४८, पोटेन्शियल ७७), याच मोसमात करार संपणारा ६१चा विंग, कॅप_कारकूनचा यंदाचा फर्स्ट (नवे खेळाडू निवडताना पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क) आणि ऑटोवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या भरवशावर, चाललेल्या त्या बेवारस टीमचा पुढच्या मोसमाचा फर्स्ट, तोही टॉप-३ प्रोटेक्टेड, म्हणजे पहिल्या तिनात आला तर मिळत नाही.

अख्ख्या लीगमध्ये ७५च्या वरचे खेळाडू चार. आपलं इंजिन टीमची ताकद काढताना पहिल्या खेळाडूला सगळ्यात जास्त वजन देतं आणि पुढे उतरत जातं, दहाव्याला जवळजवळ शून्य. म्हणजे एक ७६ आणि एक ५० मिळून दोन ६३पेक्षा भारी पडतात. बेरीज तीच, टीम वेगळी. आणि ते ७७ म्हणजे वचन नव्हे, इंजिनचा आजचा अंदाज. दर ऑफसीझनला बदलतो. माझा ५०/७९ फॉरवर्ड आठवतोय का? २३व्या वर्षी ५८/६१ होऊन बसला. त्याच्यासाठीही माझं तुम्हीच अभिनंदन केलं होतंत, शास्त्री.

राहिला कॅप_कारकूनचा फर्स्ट. टीम जितकी चांगली तितका पिक मागे; हा सेंटर आल्यावर तो पिक पंचविसाव्याच्या अलीकडे येतोय कशाला!

स्टॅट_शास्त्री:
एक फॉरवर्ड फसला म्हणून पोटेन्शियल खोटं? तुमच्या जखमेवर आम्ही लीगचं गणित मांडायचं का?

खऱ्या लीगकडे, NBAकडे बघा. २०१३ला ब्रुकलिनने गार्नेट आणि पियर्ससाठी बॉस्टनला तीन फर्स्ट आणि एक स्वॅप (पिक अदलाबदल करायचा हक्क) दिला. त्यातून जेलन ब्राउन आला, स्वॅपचा पिक फिरवून टेटम आला, दोघेही स्टार. २०१९ला क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमाला शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग दिला. त्यातल्याच एका पिकावर जेलन विल्यम्स. २०२५ला विजेतेपद कुणाकडे गेलं? ओक्लाहोमाकडेच! २९ वर्षांचा सेंटर आपल्या इंजिनमध्ये अजून दोन मोसम टिकेल. तिसऱ्या मोसमात तो ६८वर येईल आणि पगार मात्र तोच.

तिसरा_क्वार्टर:
सोयीची उदाहरणं तेवढी बरोबर आठवतात. गार्नेट तेव्हा ३७चा होता, २९चा नाही. शे हा काही ४८चा पोरगा नव्हता, पहिल्याच मोसमात ८२च्या ८२ सामने खेळून आला होता. आणि युटाचा सेंटर गोबेर विसरलात? २०२२ला मिनेसोटाने त्याच्यासाठी पिकं उधळली म्हणून सगळे हसले. तेच मिनेसोटा २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे शेवटच्या चारात. आणि पिकं घेणारं युटा? २०२५ला १७-६५, लीगमध्ये सर्वांत खाली, आणि लॉटरीत (मागे राहिलेल्या टीमांच्या पिकांचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) पाचवा नंबर!

पाचवा_फाउल:
माझ्या ट्रेडवर मलाही बोलू द्याल का?

तीन मोसम मी ४०-४२ विजयांच्या आसपास लोळतोय. सेंटर ७६चा, पण त्याच्याखाली ५९. प्लेऑफला पहिल्या फेरीत मार खायचा आणि सोळावा पिक घ्यायचा. तिसरा_क्वार्टर म्हणतात तसं पहिल्या खेळाडूचं वजन जास्त, मान्य. पण दुसरा आणि तिसरा आणायचा कुठून? पगाराची कॅप भरलेली. एक तर त्याला विकायचं, नाहीतर असंच सडायचं.

गार्बेज_टाइम:
सडायचं म्हणे. कालची लाइनअप कुणी पाहिली का? साहेबांनी ६८चा गार्ड बेंचवर ठेवला आणि ४१चा सेंटर पॉइंट गार्डला, बॉल आणायच्या जागी! ट्रेडची शाई वाळली नाही तोवर टँकिंग, म्हणजे मुद्दाम हरणं सुरू.

आणि मला आठवतंय, माझा तीन टीमचा ट्रेड “लीगच्या हिताचा नाही” म्हणून व्हेटो झाला होता. यांचा मात्र दहा मिनिटांत पास. आपला तो बाब्या!

पाचवा_फाउल:
गार्डला १९ वर्षांच्या पोरासाठी बसवला. पोराला मिनिटं नकोत?

गार्बेज_टाइम:
आणि सेंटरने बॉल आणायचा? तोही विकासाचाच भाग असेल.

कॅप_कारकून:
मला ३ गुण मिळाले त्याबद्दल आभारी आहे. ट्रेडनंतर सलग नऊ जिंकलोय, बाकी काही नाही.

पण गार्बेजचा मुद्दा खरा आहे. हा ट्रेड पाचवा_फाउलला परवडतो कारण आपली लॉटरी जुनी आहे. तळाच्या टीमला पहिल्या पिकाची शक्यता २५ टक्के. खऱ्या लीगने २०१९ पासून तळाच्या तिघांना सारखे १४ टक्के केले, ते उगाच का? फिलाडेल्फिया २०१५-१६ला १०-७२ खेळली होती म्हणून! आपल्याकडे मात्र अजून हरण्याचं बक्षीस मिळतं.

स्टॅट_शास्त्री:
लॉटरी अशी सपाट केल्याने काय साधलं? २०२५ला डॅलसने आपला स्टार डॉन्सिच लेकर्सला दिला, आणि त्याच मोसमात १.८ टक्के शक्यतेवर पहिला पिक त्यांनाच. कूपर फ्लॅग! खरंच दुबळी असलेली टीम पाचव्या नंबरवर रडत बसली. हा तुमचा न्याय? डेट्रॉइट सलग दोन वर्षं तळाला आणि दोन्ही वर्षी पाचवा. मुद्दाम न हरणाऱ्या दुबळ्या टीमने करायचं काय?

तिसरा_क्वार्टर:
धागा ट्रेडचा आहे.

गार्बेज_टाइम:
धागा आता लॉटरीचा आहे. डेट्रॉइट मुद्दाम हरत नव्हती म्हणता, मग आपल्याकडचे कोण? मी पहिल्या मोसमात ११ सामने जिंकलो. रोज रात्री प्रामाणिकपणे लाइनअप लावली. एकाही माणसाने मिनिटं बदलून हरण्याचा सल्ला दिला नाही असं नाही, अर्ध्या लीगने दिला! मी नाही ऐकला. चौथा पिक आला. ज्याने ऐकला त्याला पहिला. त्या पिकाचा खेळाडू आज ७८चा आहे, आणि ज्याच्याकडे आहे तो इथे येऊन मला शहाणपण शिकवतो. होय शास्त्री, तुमच्याबद्दलच.

स्टॅट_शास्त्री:
त्या मोसमात माझे तीन खेळाडू जखमी होते. लॉग उघडा आहे, जाऊन बघा. आणि पुन्हा माझ्यावर असा आरोप केलात तर मी इथे लिहिणार नाही.

गार्बेज_टाइम:
हे वचन समजू की आजचा अंदाज?

शिट्टी (कमिशनर):
दोघंही आवरा.

व्हेटोचं एकदाच सांगतो. गार्बेज, तुमच्या ट्रेडमध्ये सलग दोन वर्षांचे फर्स्ट जात होते. स्टेपियन नियम आपण पहिल्या दिवसापासून लावलाय, क्लीव्हलंडच्या मालकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फर्स्ट वाटून टाकण्याचा जो उद्योग केला तो इथे नको म्हणून. पाचवा_फाउलच्या ट्रेडमध्ये तसं काही नव्हतं. वाईट ट्रेडला व्हेटो नसतो, बेकायदा ट्रेडला असतो.

लाइनअपचं मात्र बघितलं. सेंटर पॉइंट गार्डला ही थट्टा आहे. खऱ्या लीगनेही २०२५ला युटाला खेळाडू बसवल्याबद्दल एक लाख डॉलरचा दंड लावला होता. आपल्याकडे डॉलर नाहीत. पुढच्या सिमपर्यंत, म्हणजे इंजिन पुढचे सामने खेळवेपर्यंत, लाइनअप सुधारा, नाहीतर मी ऑटोवर टाकेन.

पाचवा_फाउल:
सुधारतो. ६८चा गार्ड बेंचवरून सहावा म्हणून येईल, पोरगा सुरुवात करेल. याला कुणाची हरकत?

तिसरा_क्वार्टर:
नाही. आता मूळ प्रश्नाकडे. प्रामाणिक लाइनअपने तुम्ही २८-३० जिंकाल, पिक सातवा-आठवा. म्हणजे ट्रेडचा अर्धा फायदा टँकिंगचा होता, तो गेला. राहिला तो बेवारस टीमचा पिक. तो पिक टॉप-३मध्ये गेला तर तुम्हाला काय मिळतं?

पाचवा_फाउल:
दोन सेकंड, म्हणजे दुसऱ्या फेरीचे पिक.

तिसरा_क्वार्टर:
म्हणजे ती टीम फार वाईट झाली की पिक गायब, आणि बरी झाली की पिक मधला. १० पैकी १०!

स्टॅट_शास्त्री:
प्रोटेक्शनची अट मी वाचली नव्हती असं समजू नका. बरं, ८ करा. पण कॅप_कारकूनचे ३च.

कॅप_कारकून:
दहा झाले. सलग.

शिट्टी (कमिशनर):
सपाट लॉटरीवर मतदान रविवारी लावतोय, लागू पुढच्या मोसमापासून. यंदाचे पिक जुन्याच नियमाने, त्यामुळे आत्ताच कुणी बोंब मारू नका.

गार्बेज_टाइम:
पाचवा_फाउल, तो ६१चा विंग तुम्हाला नको असेल तर दोन सेकंड देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.