साप दोन दिवसांत ‘माणसाळला’ म्हणे!

टेक्सासवाली

परवा इथे एका गृहस्थांनी फोटो टाकले. मुलाच्या वाढदिवसाला बॉल पायथन जातीचा छोटा अजगर आणला, दुसऱ्याच दिवशी पार्टीत तो अकरा मुलांच्या गळ्यातून फिरला. खाली ओळ: ‘बघा, दोन दिवसांत कसा माणसाळला! फणा नाही की फुत्कार नाही.’ त्यावर बदामांचा पाऊस. तेव्हा गप्प बसले, पण डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, अजगराला फणा कुठला? आणि तो माणसाळला नव्हता, भीतीने गारठला होता. हा साप घाबरला की डोकं आत घालून चेंडूसारखा गुंडाळून बसतो, नावच त्यावरून पडलंय.

माझ्याकडे सहा वर्षं एक आहे. नाव बंडू. पुढे कळलं की मादी आहे, पण नाव तेच राहिलं. मीही तेव्हा तिसऱ्या दिवशी हातात घेतलं, चौथ्या दिवशी मैत्रिणींना दाखवलं. त्यानंतर बंडूने सात आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. मी रोज रडायचे.

नवा साप घरी आला की पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही. पाणी बदला, घाण उचला, बाजूला व्हा. तीन-चार वेळा नीट खाल्लं की मग पाच-दहा मिनिटं बाहेर काढा, तेही खाल्ल्यावर दोन दिवस सोडून. टाकीत लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, आणि अंगाला भिंती टेकतील इतक्या अरुंद. एकच ठेवली तर ऊब की आसरा यातलं एक निवडावं लागतं. तो आसरा निवडतो आणि पचनाचे बारा वाजतात. गरम बाजू ८८ ते ९२ फॅरनहाइट, गार ७५ ते ८०. हीट मॅटला, म्हणजे टाकीखालच्या गरम चटईला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर पोट भाजतं आणि तो तिथून हलतही नाही.

तुमच्या फोटोत मागे टाकी दिसते. त्यात एक दिवा आणि नारळाची करवंटी. चार फुटी होणाऱ्या सापाला करवंटी!

फोटोवाला

तो गृहस्थ मीच. सरळ माझ्या धाग्यावर बोलला असतात तर बरं झालं असतं, असो. दुकानदाराने सांगितलं रोज हाताळा म्हणजे सवय होते. तो रोज साप विकतो, तुम्ही एक पाळलाय.

आणि हातच लावायचा नाही तर ठेवायचा कशाला? शोकेसमध्ये बघायला? मुलगा खूश आहे, साप जिवंत आहे. बाकी सगळं आईबाबांना घाबरवायचं अमेरिकन खूळ.

कवड्या (सातारा)

दोघेही चुकताय. साप खोक्यात ठेवायची वस्तूच नाही. एकोणीस वर्षं लोकांच्या माळ्यावरून, मोरीतून, दुचाकीच्या डिकीतून साप काढून रानात सोडतोय. इकडे धामण घरात ठेवली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आत जाल, आणि तिकडे वाढदिवसाला खेळणं म्हणून!

टेक्सासवाली

कवड्या, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण बंडू रानातून उचललेली नाही. मूळ जात पश्चिम आफ्रिकेतली, घाना-टोगो-बेनिनकडची, पण ही इथेच अंड्यातून निघालेली. तिला सोडू कुठे, डॅलसच्या हायवेवर?

फोटोवाले, दुकानदाराला साप विकायचा असतो, जगवायचा नसतो. आणि कसा का असेना, मुलगा कॉलेजला गेल्यावर बघणार कोण? वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बासष्टीच्या बॉल पायथन आजीने २०२० मध्ये अंडी घातली, तीही नर आसपास नसताना.

सोवळ्यातली_सून

बाकी सगळं ठीक, पण कुणी बोलत नाही म्हणून विचारते. उंदीर ठेवता कुठे?

टेक्सासवाली

फ्रीझरमध्ये. गोठवलेलेच मिळतात. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवायचे, मग पिशवीसकट कोमट पाण्यात, आणि चिमट्याने द्यायचे. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, फुटतो.

सोवळ्यातली_सून

म्हणजे उकडीच्या मोदकांच्या शेजारी?? माझ्या सासूबाई सहा महिने येऊन राहतात. लेकाने साप मागितलाय, मी म्हटलं आजीला विचार. गणपतीचं वाहन गोठवून ठेवलेलं दिसलं तर त्या पुढच्या विमानाने परत जातील.

मालवणी_माणूस

मग घ्याच साप 😄

आमच्या फ्रीझरात सुरमई, मटण आणि मोदक गुण्यागोविंदाने नांदतात. सुरमई कुणाचं वाहन नाही म्हणून ती चालते का?

सोवळ्यातली_सून

तुमच्या घरात काय चालतं ते विचारलं नव्हतं. शाकाहारी माणसाने स्वच्छतेचं काही म्हटलं की लगेच टिंगल. दर धाग्यावर हेच.

मालवणी_माणूस

स्वच्छतेचं? इमारतीत ‘फक्त शाकाहारी’ची पाटी लावतात तेही स्वच्छतेसाठीच बहुतेक. मुंबईत तीन घरं नाकारली गेली मला, वास येतो म्हणून. तेव्हा माझ्याकडे सापही नव्हता.

टेक्सासवाली

अहो, धागा सापाचा आहे! गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घ्या, चिमटा आणि भांडं वेगळं ठेवा, प्रश्न मिटला.

सोवळ्यातली_सून

गॅरेजमधूनच देवघराकडे यावं लागतं.

फोटोवाला

गोठवलेलं कशाला? मी जिवंत देतो. निसर्गात कोण कोमट पाण्यात बुडवून देतं?

टेक्सासवाली

निसर्गात साप पळू शकतो, टाकीत नाही. ते सात आठवडे संपेनात म्हणून मीही एकदा जिवंत उंदीर सोडून झोपायला गेले. सकाळी बंडूच्या पाठीवर नखाएवढी जखम. व्रण अजून आहे.

कवड्या (सातारा)

हे मात्र बाई खरं बोलतायत. घुशीने कुरतडलेली धामण मी बघितलीय.

पुणेरी_जोशी

एक साधा प्रश्न. हा पुण्यात ठेवता येतो का?

कवड्या (सातारा)

परदेशी जात असल्याने येतो. २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, सोबत कुठून घेतला त्याची कागदपत्रं. कायद्याला चालतं, मला चालत नाही. का ते सांगतो.

गेल्या श्रावणात कॉलेजच्या पोराचा फोन. ‘दादा, अजगराचं पिल्लू सापडलंय, डब्यात ठेवलंय, काय खायला घालू?’ मोबाईलवर परदेशातले असलेच गळ्यात साप घातलेले फोटो बघून हौस आलेली. म्हटलं आधी फोटो पाठव. फोटो बघितला आणि माझे पाय गळाले. घोणस होती. पाठीवर साखळीसारखे ठिपके, पोराने अजगराची नक्षी समजून दोन दिवस पाळली. ओरडून सांगितलं, डबा उघडू नकोस. त्याने आधीच उघडला होता. प्रतिविष, डायलिसिस, तीन आठवडे दवाखाना. वाचला. आईने मंगळसूत्र मोडलं.

तुमचे फोटो तिकडेच थांबत नाहीत साहेब. इकडे घरोघरी घोणशी निघतात. आणि आमच्यातलेच काही महाभाग नागाचा मुका घेऊन रील टाकतात, त्यांना तर आधी आत टाका. त्यांच्यामुळे आम्हाला लोक गारुडी समजतात. परवा एका बाईने मला नागाला पाजायला दूध आणून दिलं. एकोणीस वर्षं सांगतोय, साप दूध पीत नाही!

फोटोवाला

त्या मुलाचं वाईट वाटलं. पण त्याने घोणस डब्यात भरली याला मी जबाबदार? उद्या कुणी पोहताना बुडला तर माझा स्विमिंग पूलचा फोटो काढू का?

टेक्सासवाली

जबाबदार नाही. पण ‘दोन दिवसांत माणसाळला’ ही ओळ काढता येईल.

कवड्या, तुमचं तेवढं मान्य. मी बंडूचे गळ्यातले फोटो टाकले होते दोन वर्षांपूर्वी. आत्ता काढून आले.

फोटोवाला

बरं. ओळ काढली. करवंटीही काढली, बुटांची दोन खोकी ठेवली. आता साप दिसतच नाही, मुलगा म्हणतो बाबा पैसे परत घ्या. झालं समाधान?

आणि विचारतोच आहे तर, टोमणा न मारता सांगा. आठ दिवस काही खाल्लं नाहीये. रात्री खोक्यातून निघतो तो सरळ पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो, तासन्‌तास. तहान लागते का इतकी?

टेक्सासवाली

तहान नाही. एक तर टाकी तापलीय, नाहीतर गोचीडासारखे बारीक किडे झालेत. दिव्याखाली थर्मामीटर ठेवून आकडा सांगा. मग पांढऱ्या भांड्यात पाणी घेऊन बघा, तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात का. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेलाही बघा.

फोटोवाला

१०४. आणि ठिपके आहेत. काही हलतायत.

टेक्सासवाली

दिवा आत्ता बंद करा. खालचा सगळा भुसा पिशवीत बांधून घराबाहेर, बुटांची खोकीही, सध्या नुसता पांढरा पेपर टॉवेल आणि नवी खोकी. उंदीर आठवडाभर देऊ नका. उद्या सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या, नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या नको. औषध मनाने मारू नका, चुकलं तर सापच जातो.

आणि पार्टीला आलेल्या मुलांपैकी पाचाच्या आतलं कुणी होतं का? सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो. केक कापायच्या आधी हात धुतले होते का, ते त्यांच्या आयांना फोन करून विचारा.