बारीक खुणांचे अमूर्त आरेखन छापील का दिसू लागते?

प्रश्न (परभणी):
मी ०.१ मिलिमीटरच्या काळ्या पेनाने ठिपके आणि आखूड रेघा यांची अमूर्त चित्रे काढतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांवरून सध्याचे चित्र सुरू केले आहे. जवळून प्रत्येक खूण नेटकी वाटते, पण चार हात लांबून पाहिले की सगळा कागद छापील कापडासारखा दिसतो. खुणांमध्ये मुद्दाम अनियमितपणा आणावा का?

उत्तर १ (बीड):
मुद्दाम आणलेला अनियमितपणा लगेच उघडा पडतो, म्हणून तो मार्ग मला पटत नाही. भेगांच्या आकारापेक्षा त्या पडण्याचा क्रम उतरवून पाहावा. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. ताण वाढला की आधी मोजक्या लांब भेगा पडतात, आणि त्यांच्या काठाशी आडवा ताण मोकळा झालेला असल्याने नंतरची भेग जुनीला बहुधा काटकोनात येऊन मिळते. त्यामुळे कोणती भेग आधीची, हे सांध्यावरून ओळखता येते. तुमच्या चित्रात सगळ्या रेघा एकाच वयाच्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. शिवाय सुकणारा थर जितका पातळ, तितक्या भेगा जवळजवळ पडतात. कागदाच्या एका बाजूला थर पातळ होत गेला आहे असे मानले, तरी दाटी कारणासह बदलेल. (तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून सुकला, तर सांधे १२० अंशांकडे झुकतात, पण ते वेगळे चित्र.)

उत्तर २ (लातूर):
ठिपक्यांसाठी सूर्यफुलातील बियांच्या मांडणीचा नियम घ्यावा. प्रत्येक पुढचा ठिपका सुमारे १३७.५ अंश वळवून, केंद्रापासूनचे अंतर क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवत गेल्यास एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ सर्पिल वळणे न आखताच उमटतात.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर):
नियमितपणालाच दोष देणे मला योग्य वाटत नाही. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांच्या अनेक आरेखनांत रेघा पट्टीने ओढाव्यात तितक्या काटेकोर आहेत, तरीही ती छापील वाटत नाहीत, कारण रेघांमधले अंतर आणि शाईची गडदता सतत बदलत राहते. कागद किती कोरा ठेवला आहे, तेही तपासावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सगळ्या रेघा खरोखरच एका वयाच्या आहेत. मग जुन्या भेगांसाठी जाड पेन वापरावा का?

उत्तर १:
नको. माती सुकत जाईल तशी जुनी भेग रुंदावते. त्याच पेनाने तिच्या दोन्ही काठांवर बारीक रेघा वाढवत न्याव्यात, आणि हे काम नंतरच्या उपभेगा काढून झाल्यावर करावे.