उंदरात औषध ‘बोथट’ झालं म्हणजे नक्की काय झालं?

वर कुणीतरी लिहिलंय की उंदरांना आकडीचं औषध रोज दिलं की काही आठवड्यांत ते बोथट होतं, म्हणजे त्याचा परिणाम ओसरतो, मग माणसांनी वर्षानुवर्षं गोळ्या खायच्या कशाला? क्लोनाझेपाम, डायझेपाम या आकडीच्या औषधांबद्दल हे खरं आहे, माणसांतही दिसतं. पण म्हणून सगळी औषधं एकाच माळेत ओवायची? पुण्यात एम.फार्म. करताना हे प्रयोग जवळून पाहिलेत. कानांना क्लिपा लावून ०.२ सेकंद विजेचा धक्का देऊन आकडी आणायची आणि मागचे पाय ताठ होऊन मागे ताणले जातात का ते बघायचं. ताणले नाहीत, तर औषध लागू पडलं. (बघवत नाही, ते सोडा.) आता हा धक्का शेवटच्या डोसनंतर किती वेळाने दिला, यावर सगळं अवलंबून. व्हॅल्प्रोएट हे आकडीचं दुसरं औषध माणसाच्या रक्तात निम्मं व्हायला साधारण ९ ते १६ तास लागतात, छोट्या पांढऱ्या उंदरात जेमतेम तासभर. आज डोस देऊन उद्या सकाळी धक्का दिलात, तर रक्तात औषधच नाही, बोथट काय होणार? फेनोबार्बिटाल या आकडीच्याच औषधाचं वेगळंच: रोज मिळालं की यकृत ते जास्त वेगाने उडवायला लागतं. खरं बोथट होणं म्हणजे मेंदूला सवय होणं, ते निराळं.

आणि बराच काळ दिलेलं डायझेपाम किंवा फेनोबार्बिटाल एकदम थांबवलं, की त्याच उंदरांना पूर्वीपेक्षा सहज झटके येतात. ‘गोळ्या बंद करून बघा’ म्हणणाऱ्यांनी प्रयोगाचा हा भाग का गाळला, कळत नाही.