पायथन: फाइलमध्ये शेवटचंच नाव का उरतं?

प्रश्न (ऐरोली): रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी स्थानकांची नावं फाइलमध्ये एकेक करून सेव्ह करतोय. घरी उबुंटूवर दरवेळी शेवटचंच नाव उरतं. क्लासच्या विंडोजवर तर युनिकोडएन्कोडएरर येते.

उत्तर (ठाणे): फाइल 'डब्ल्यू' (लिहिण्याच्या) मोडमध्ये ओपन केल्याक्षणीच जुना मजकूर पुसला जातो, राइटची वाट न बघता. शेवटी भर घालायची तर 'ए' मोड. राइट स्वतःहून ओळ बदलत नाही, म्हणून नावाच्या शेवटी बॅकस्लॅश-एन हवंच.

उत्तर (वाशी): एररचं मूळ एनकोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत. विंडोजवर ३.१४ पर्यंतचं पायथन सिस्टिमचं कोडपेज (ठरलेला अक्षरसंच) धरतं, त्यात सहसा देवनागरी नसते. ओपनमध्ये एनकोडिंग 'यूटीएफ-८' लिहा, वाचतानाही तेच. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असाल तर 'यूटीएफ-८-सिग' (सुरुवातीला ओळखखूण असलेलं यूटीएफ-८).

उत्तर (ठाणे): हो, आणि ओपन करताना 'विथ' वापराच, ते फाइल आपोआप क्लोज करतं. क्लोज राहून गेलं तर मजकूर बफरमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) अडकू शकतो.