मदत हवी आहे: बाबांना ऐकू कमी येतं, 'पाताल लोक'च्या पुढच्या सीझनआधी टीव्हीची काय सोय करू?

नमस्कार मंडळी. बाबा ७८ वर्षांचे आहेत, पुणे पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, शेवटी फरासखान्यात होते. आता दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे.

'पाताल लोक' ही प्राइम व्हिडिओवरची पोलिसांची वेब सीरिज आम्ही दोघंच बघतो. पहिला सीझन मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये आला, तेव्हा त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं. त्यातला पोलीस इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी त्यांना आपल्यातलाच वाटतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्या हाताखालचा अन्सारी आयपीएस होऊन येतो आणि हाथीराम आहे तिथेच राहतो, ते बघताना बाबा कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले होते.

दुसरा सीझन जानेवारी २०२५ मध्ये आला. कथा नागालँडला गेली, तिथली माणसं नागामीज बोलतात. सबटायटल इंग्रजी लावलेली. बाबांना इंग्रजी येतं, पण वाचून होईपर्यंत ओळ निघून जाते. मी थांबवून थांबवून मराठीत सांगायचे. तिसऱ्या भागानंतर म्हणाले, "तू बघ गं, मला सकाळी गोष्ट सांग." तेव्हापासून मला चैन नाही. तिसरा सीझन येईल तेव्हा तो त्यांनी स्वतः बघावा, एवढंच हवंय.

आवाज वाढवला की गोळीबार अंगावर येतो, बोलणं मात्र पुटपुटल्यासारखंच राहतं. यंत्र घेतलं तिथे विचारलं, तर "सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. कुणी घरी काही उपाय केलाय का?

प्रतिसाद: ताई, आधी सबटायटल हिंदीत मिळतात का बघा, देवनागरी त्यांना भरभर वाचता येईल. एपिसोड चालू असताना सबटायटलच्या मेनूत अक्षरांचा आकारही वाढवता येतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये बोलणं ठळक करणारा पर्याय असेल तर तो लावा. आणि बऱ्याच श्रवणयंत्रांसाठी टीव्हीला जोडायचा छोटा डबा मिळतो, त्यातून आवाज थेट यंत्रात जातो. आमच्या सासऱ्यांना सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. मात्र तो बहुधा यंत्राच्याच कंपनीचा लागतो, म्हणून मॉडेल नंबर घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा.

धागाकर्ती: मनापासून आभार! हिंदी सबटायटल मिळाली, अक्षरंही सगळ्यात मोठी केली. डब्याचं विचारायला गुरुवारी जातोय. तोवर दुसरा सीझन चौथ्या भागापासून सुरू केलाय. काल रात्री बाबांनी एकदाही "काय म्हणाला?" विचारलं नाही.