अनुभव धागा : क्रीटचा किनारा, पायी आणि बोटीनं

क्नोसॉसचा राजवाडा आणि हेराक्लिऑनचं म्युझियम यांवर ढीगभर माहिती मिळते. मला किनाऱ्याचं हवंय. ग्रीसच्या या क्रीट बेटावर चालून, पोहून, बोटीनं जे काही केलंत ते लिहा. हॉटेलांचं कौतुक नको, गैरसोयी मात्र हातचं न राखता सांगा.

सह्यवेडा : समारियाची घळ. सुरुवात ओमालोसच्या पठारापाशी, साधारण १२०० मीटर उंचीवर. शेवट थेट लिबियन समुद्रात. १६ किलोमीटर, आणि जवळपास सगळी उतरण. सांदण दरी केलेल्याला त्याचं काय, असं वाटतं खरं, पण सुरुवातीच्या पायऱ्याच गुडघ्यांचा समाचार घेतात. पुढे नदीपात्रातले गोल धोंडे. पाऊल सपाट म्हणून पडत नाही. वाटेत झरे आहेत, एकच बाटली पुरते. मधलं समारिया गाव १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा उठवलं. त्याच रिकाम्या घरांच्या आसपास क्री-क्री हे रानबकरे दिसतात, आणि डब्यावर त्यांचा डोळा असतो! शेवटाकडे कडे अगदी जवळ येतात : उंची तीनेकशे मीटर, मधली फट जेमतेम तीन-चार मीटर. तिकीट फेकू नका, आत कोणी अडकलं नाही ना हे पाहायला बाहेर पडताना तपासतात. खाली आगिया रुमेलीला गाडीरस्ताच नाही. संध्याकाळची बोट चुकली की मुक्काम. घळ मे ते ऑक्टोबरच उघडी असते, आणि उकाडा फार वाढला की तेव्हाही बंद ठेवतात.

गुडघे_संघटना : वरचं वाचून घाम फुटलेल्यांनी इम्ब्रोसची घळ करावी. आठेक किलोमीटर. सावली आहे, गर्दी कमी, मान तेवढाच.

दापोलीची : मुलीकडे रेथिम्नोला होते. तिथल्या किनाऱ्यावर आरामखुर्च्यांच्या रांगेत मध्येच एक लहानसं कुंपण आणि पाटी दिसली. खाली लॉगरहेड कासवाची अंडी! माणसं टॉवेल पसरून शेजारीच पहुडलेली. आपल्याकडे वेळासला ऑलिव्ह रिडलेची अंडी उचलून हॅचरीत नेतात. इथे शक्यतो घरटं जागच्या जागी ठेवून कुंपण घालतात, लाटांचा धोका असेल तरच हलवतात. पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात, म्हणून रात्री वाळूत टॉर्च मारत फिरू नका. हॉटेलवाल्यांना हे कोण सांगणार, ते वेगळं.

निवृत्त_भूगर्भ : पश्चिमेला फालासार्ना. पोहायला उत्तम आहेच, पण थोडं उत्तरेला चालत जा. तिथलं प्राचीन बंदर आज कोरड्या जमिनीवर आहे. इ.स. ३६५ च्या भूकंपात बेटाचं पश्चिम टोक वर उचललं गेलं, नैऋत्येला तर नऊ मीटरपर्यंत. किनाऱ्याच्या खडकावर माणसाच्या डोक्याहून वर एक आडवी खाच दिसते, ती त्या वेळची समुद्रपातळी. मी खाचेत बोटं घालून बघितली, लाटांनी पोखरलेलं स्पष्ट कळतं. सौ. तोवर दोनदा पोहून आली.

उगाच_चिकित्सक : एलाफोनिसीची गुलाबी वाळू. ती आहे, पण काठाकाठानं, फोटोत दिसते तितकी नाही. सूक्ष्मजीवांच्या कवचांचा चुरा आहे तो. उचलून आणायला बंदी आहे. गुडघाभर पाण्यातून समोरच्या बेटावर चालत जाता येतं, लहान मुलांना मजा येते. ऑगस्टमध्ये दुपारी जाल तर पाय ठेवायला जागा नाही. सकाळी लवकर, नाहीतर सोडा.

लिबियन_समुद्रवाली : होरा स्फाकियॉनहून लुत्रोला जाणारी पायवाट कुणी कशी लिहिली नाही? वाटेत ग्लिका नेरा हा गोट्यांचा किनारा लागतो. तिथे डोंगरातलं गोडं पाणी गोट्यांखालून समुद्राला मिळतं. लाटेपासून थोडं मागे हातानं खड्डा करा, गढूळ निवळू द्या, प्या. गार! पोहतानाही पाण्याचे गार-कोमट पट्टे अंगाला लागतात. वाट कड्याला लागून आहे, उंचीची भीती असेल तर बोटीनं या. लुत्रोलाही रस्ता नाही. वारा सुटला की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी इकडे फिरकू नका.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार! नवरा पक्का शाकाहारी. या आडगावांत खायचं काय?

लिबियन_समुद्रवाली : डाकोस. बार्लीचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल. आणि उकडलेल्या रानभाज्या मागा, होर्ता म्हणतात. जेवणानंतर फुकट राकी, म्हणजे तिथली दारू, येते, त्याबाबत नवऱ्याचं धोरण काय ते त्यालाच विचारा.